तालुक्यातल्या रोजगाराचा अनुशेष कोण मोजणार?

मांजराकाठ
लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेड शिकवते. निकाल लागला की आठवड्याभरात निम्मी बॅच पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलेली असते. चाकण, रांजणगाव, तळेगाव. तालुक्यात एमआयडीसी नाही असं नाही. डाळमिल आहेत, एक ऑइलमिल आहे, गोदामं आहेत. बाकीच्या प्लॉटवर बाभळी माजल्यात आणि प्लॉट मात्र सगळे 'वाटप झालेले' आहेत.

हा धागा काढायचं कारण असं. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सर्वसाधारण शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, शहरी पाणीपुरवठा, मृदसंधारण, पशुवैद्यकीय सेवा अशा नऊ क्षेत्रांत कुठला जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, ते समितीने मोजलं. त्यातून सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष निघाला. विदर्भ ३९ टक्के, मराठवाडा साधारण साडेतेवीस टक्के, उरलेला बाकीच्या महाराष्ट्राचा. त्या काळात एवढं नेटकं काम झालं याबद्दल मला खूप आदर आहे. पण त्या यादीत तंत्रशिक्षण आहे आणि रोजगार नाही. म्हणजे आयटीआयच्या जागा वाढल्या की अनुशेष भरला. त्या जागेवर शिकलेल्या पोराला काम लागलं का, कुठे लागलं, किती पगारावर लागलं, हे मोजायची सोय तेव्हा नव्हती आणि आजही कुणी तालुकावार मोजत नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे मोजल्याशिवाय कारखान्यांना दिलेली सवलत कामी आली की कॉलेजवर केलेला खर्च, हे सांगताच येणार नाही. तुमच्या भागात मोठा उद्योग आला तेव्हा नोकऱ्या नेमक्या कुणाला लागल्या? आणि एकच रुपया असेल तर तो कारखान्याला द्यावा की शाळेला? अनुभव लिहा.

वाळूजकर
ताई, कारखान्याला. स्वतः बघितलंय म्हणून सांगतो. १९८५ साली बजाजचा प्रकल्प वाळूजला आला तेव्हा आजूबाजूला ज्वारी-बाजरीची शेतं होती. नोकऱ्या गेटच्या आत लागल्या त्यापेक्षा गेटच्या बाहेर जास्त लागल्या. कंपनीला ब्रॅकेट, बुश, पिन, प्रेसचे पार्ट जवळून हवे होते. गावातल्या, शहरातल्या लोकांनी कर्ज काढून शेड टाकले. कालचा ऑपरेटर आज मालक झाला. माझंही छोटं युनिट त्याच लाटेतलं. आज माझ्याकडे गंगापूर, वैजापूर, पैठणची पोरं आहेत.

फक्त एक लक्षात घ्या, याला पंधरा-वीस वर्षं लागली. पहिली पाच वर्षं सुपरवायझर सगळे बाहेरचे होते. आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे नवं औद्योगिक शहर झालंय, टोयोटा-किर्लोस्कर आणि एथरच्या घोषणा २०२४ मध्ये झाल्या. गेटच्या आत किती घेतले हे सगळे विचारतील. मी विचारीन, सुटे भाग कुठून घेणार?

आकडेमोड
वाळूजकर म्हणतात त्यावर अभ्यास झालेला आहे. एन्रिको मोरेत्ती या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासून २०१० मध्ये दाखवलं, की शहरात कारखानदारीची एक नोकरी वाढली की स्थानिक सेवांमध्ये सरासरी १.६ नोकऱ्या वाढतात. न्हावी, हॉटेल, डॉक्टर, गवंडी वगैरे. कुशल कामाची नोकरी असेल तर आणखी जास्त, कारण पगार जास्त असतो आणि तो तिथेच खर्च होतो.

हा आकडा उचलून बिडकीनला चिकटवू नये. आपल्याकडे मजूर बाहेरचा असेल आणि पगार मनीऑर्डरने (आता फोन-पेने) बाहेर जात असेल, तर हा १.६ चा गुणक आटतो. शिवाय आपली सवलत कशावर ठरते ते पाहा. उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पाडले आहेत, जितका मागास तितकी सवलत मोठी, इथवर ठीक. पण सवलतीची कमाल मर्यादा ठरते ती मुख्यतः स्थिर भांडवलाच्या प्रमाणात. ज्याने दोनशे माणसं लावली त्याच्यापेक्षा ज्याने महागडी स्वयंचलित लाइन टाकली त्याला जास्त मिळू शकतं. मागास तालुक्यात यंत्र आणायला आपण पैसे देतो. माणूस घडवायला आणि ठेवायला द्यायला हवेत.

रानजाई
वाचतेय. लिहीत राहा सगळे.

औशाचा फिटर
मॅडम, तुम्ही ज्या ट्रॅव्हल्सचं लिहिलंय त्यातलाच मी. औसा तालुका, आयटीआय फिटर, सध्या चाकण.

आलो तेव्हा 'नीम ट्रेनी' म्हणून घेतलं, म्हणजे नीम नावाच्या प्रशिक्षण योजनेतला शिकाऊ. कागदावर शिकाऊ, कामाला पक्का. लाइनवर परमनंट माणूस जे करतो तेच करायचं, पण पीएफ नाही आणि अनुभवाचं पत्र मागितलं की ठेकेदार म्हणायचा नंतर बघू. ती योजना पुढे बंद झाली. आता ठेकेदाराच्या पगारपत्रकावर आहे. काही महिन्यांनी ब्रेक देतात, पुन्हा नवा गेटपास. एका खोलीत सहा जण राहतो. तिघं डे, तिघं नाईट, म्हणून गाद्या तीनच. खोलीभाडं, मेस, गावी येणं-जाणं काढून जे उरतं तेवढं लातूरला चार-पाच हजार कमी पगारावरसुद्धा उरलं असतं. आईच्या दवाखान्याला रजा काढावी लागली नसती ते वेगळंच.

लातूरला यायला मी आज तयार आहे. कोण बोलावतंय?

मुक्काम_पोस्ट_पुणे
थोडं कडू लिहितो, माफ करा. स्थलांतराला आपण इतकं वाईट का समजतो? मुंबई कोकणच्या आणि घाटावरच्या लोकांनी उभी केली. माझे आजोबा साताऱ्याहून गिरणीत गेले, म्हणून माझे वडील शिकले. काम जिथे आहे तिथे माणसाने जावं. प्रत्येक तालुक्यात कारखाना ओढून आणण्यापेक्षा चाकणच्या पोरांना राहायला धड घरं द्या, ठेकेदारीला लगाम घाला. त्याच पैशात जास्त लोकांचं भलं होईल. उद्योग एकमेकांच्या जवळ वाढतात, हे वाळूजकरांच्याच प्रतिसादातून दिसतंय. मग ते विखरून का टाकायचे?

आकडेमोड
@मुक्काम_पोस्ट_पुणे, मुद्दा वजनदार आहे. घरं आणि ठेकेदारीबद्दल शंभर टक्के सहमत. पण जायला लागणारी किंमत आपण कमी धरतो. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप यांनी राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरातच्या सीमेवरच्या गावांत सर्वेक्षण केलं होतं. तिथली माणसं हंगामी कामाला शहरात जातात. गावात रोजगार हमीचं काम निघालं तेव्हा शहरात जास्त कमाई होत असतानाही बरेच जण गावातच थांबले. म्हणजे उघड्यावर झोपणं, मुलांपासून लांब राहणं, आजारपणात कुणी नसणं याची किंमत माणूस मनात धरतो, आणि ती मजुरीतल्या फरकाहून मोठी निघाली. औशाच्या फिटरने वर तीन गाद्यांचं लिहिलंय, तो याच हिशोबाचा भाग आहे.

मांजराकाठ
पुण्याच्या दादांना आणखी एक सांगते. जाण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते. माझ्या वर्गात मुली कमी असतात, पण असतात. मागच्या एका बॅचमध्ये सगळ्यात सफाईने फाइलिंग करणारी मुलगी होती. चौकोनी जॉब अट्ठ्याऐंशी अंशांवर सोडणारी पोरं आणि तिचा जॉब काटकोन्याला उजेडही न सोडणारा. तिला चाकणला पाठवायला घरचे तयार नाहीत आणि तालुक्यात तिच्या हाताला काम नाही. ती आता झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देते. लग्नाचं बघतायत.

मुलगा गेला की आपण म्हणतो स्थलांतर झालं. मुलगी कुठल्याच आकड्यात येत नाही. ती बेरोजगारही मोजली जात नाही, कारण ती काम शोधत नाहीये असं घरचे सांगतात.

बालाघाट_मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बीड जिल्हा. आमच्याकडे स्थलांतर म्हणजे नोकरी नव्हे, ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो. नवराबायको मिळून एक 'कोयता', त्यावर उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती फेडायची. वर्गातली हजेरी बघता बघता अर्ध्यावर येते. हंगामी वसतिगृहात जी मुलं थांबतात ती टिकतात. थांबत नाहीत ती उसाच्या फडात धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि उन्हाळ्यात परत येतात तेव्हा बाराखडी पुन्हा पहिल्यापासून.

तर 'एक रुपया कुठे' याला माझं उत्तर: आमच्या गावात तो आधी वसतिगृहाच्या जेवणाला द्या. ते अनुदान वेळेवर आलं तर पोरं थांबतात, उशिरा आलं तर आई म्हणते, उपाशी ठेवण्यापेक्षा घेऊन जाते. आईचं काही चुकत नाही.

कृष्णाकाठची
मास्तर, दंडवत.

शाळेचा पैसा पुढे मजुरीत दिसतो का, यावर एक फार गाजलेला अभ्यास आहे. इंडोनेशियाने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात तेलाच्या पैशातून ६१,००० च्या वर प्राथमिक शाळा बांधल्या. एस्तेर द्युफ्लोने (२०१९ चं नोबेल) २००१ मध्ये दाखवलं, की दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली तर त्या मुलांचं शिक्षण सरासरी ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढलं आणि मोठेपणी त्यांची मजुरी दीड ते २.७ टक्क्यांनी. ऐकायला थोडं वाटतं. पण एका शाळेत किती पिढ्या शिकतात याचा विचार करा.

आपल्याकडे मात्र २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून 'समूह शाळा' करायचं घाटत होतं. वाडीवरची शाळा गेली की पहिली मुलगी घरी बसते.

वाळूजकर
मास्तरांपुढे मी काय बोलणार. तुमचा रुपया आधी.

फेब्रुवारीचे_तीनशे
मुंबईत बँकेत आहे. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. नव्या मुलांना विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं की १९७५ साली हा कर आणला तो रोजगार हमीचा खर्च भागवायला. रोजगार हमी ही वि. स. पागे यांची कल्पना. ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबली, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. दिल्लीचा मनरेगा कायदा येण्याआधी पाव शतक महाराष्ट्राने शहरातल्या पगारदाराकडून घेऊन खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी दिली होती. संशोधनाचे दाखले देताना आपल्या घरचा हा दाखला राहू नये म्हणून लिहिलं.

रानजाई
म्हणून तुमचा आयडी असा होय! मला वाटायचं फेब्रुवारीत जन्म वगैरे 😀

फेब्रुवारीचे_तीनशे
जन्म जुलैचा आहे. जुलैत दोनशेच कापतात 😀

वकीलीणबाई
स्थानिकांना नोकऱ्या देण्याचा नियम कुणी काढला नाही अजून, म्हणून मी काढते. महाराष्ट्रात सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के स्थानिक घ्यावेत असे शासनाचे आदेश आहेत, जुने आहेत. पण त्यात स्थानिक म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहणारा. लातूरच्या कारखान्यात सगळे नाशिकचे घेतले तरी नियम पाळला गेला. मांजराकाठ यांच्या प्रश्नाला हा नियम स्पर्शही करत नाही.

दुसरी वाट हरियाणाने धरली होती. ३० हजारांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के राखीव. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कायदा रद्द केला. त्यामुळे सक्तीच्या कायद्यावर फार भिस्त ठेवू नका. सवलतीच्या करारातच तालुक्यातल्या आयटीआयकडून किती शिकाऊ घेणार हे लिहून घेणं जास्त टिकेल. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. ते कुठल्या तालुक्यातले हवेत, एवढीच ओळ करारात वाढवायची.

नेकारकाठ
श्टुटगार्टहून. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, १० हजार जणांचा आकडा होता. तेव्हापासून गावाकडून फोन येतात, 'आमच्या पोराचं जमेल का?'

जमेल, भाषा शिकला तर. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते इथली पद्धत उचलणं. मेकॅट्रॉनिक्सचं शिक्षण साडेतीन वर्षांचं. पोरगं आधी कंपनीशी करार करतं, मग आठवड्यातले एक-दोन दिवस व्यावसायिक शाळा आणि बाकीचे दिवस कंपनीत, पहिल्या महिन्यापासून पगार. परीक्षा घेतं उद्योजकांचं चेंबर, त्यामुळे प्रमाणपत्राला सगळ्या कंपन्यांत मान. आणि शिकवणाऱ्या कंपन्या फक्त मोठ्या नाहीत. दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉपसुद्धा एक-दोन शिकाऊ ठेवतं. औशाच्या फिटरला जे 'शिकाऊ' म्हणून राबवलं, त्याच्या हे अगदी उलट आहे. शिकाऊला शिकवायचंच असतं, ती कंपनीची जबाबदारी मानली जाते.

धानोरा_रोड
गडचिरोलीतून लिहितो. इथं सारे कारखान्याचंच बोलून राहिले. आमच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू विकायचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. बांबू तोडायचं काम गावाला, दर ग्रामसभा ठरवते, लिलाव ग्रामसभा करते. हासुद्धा स्थानिक रोजगारच आहे. पण हिशोब ठेवणारं, टीपी (माल वाहतुकीचा परवाना) भरणारं, जीएसटी समजणारं पोरगं गावात लागते. आमच्याकडे शिक्षणाची गरज तिथं आहे. कॉलेजात बी.ए. होते, पण ग्रामसभेचं खातं लिहिता येत नाही. त्याला कोण शिकवणार?

दुष्काळी
सगळं बरोबर, पण पाण्याचं कुणी काढत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. 'जलदूत' नावाची ती गाडी. कुठला उद्योजक अशा गावात कारखाना टाकेल? प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीने २०१३ च्या अहवालात पाण्यावर एवढा भर दिला तो उगाच नाही. आणि वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० ला संपली, तेव्हापासून अनुशेषाचा हिशोब मागायचं ठिकाणही राहिलं नाही. आधी पाणी, मग बाकीचं. शाळासुद्धा पाण्यानंतर.

शाहू_चौक
दुष्काळींशी अर्धा सहमत. त्याच लातुरात, त्याच पाणीटंचाईत, एक उद्योग जोरात वाढला: शिक्षण. 'लातूर पॅटर्न' म्हणून बारावी आणि नीटसाठी मराठवाडाभरातून पोरं येतात. त्यांच्यामागे मेस, होस्टेल, अभ्यासिका, झेरॉक्स, रिक्षा, चष्म्याची दुकानं. आमच्या गल्लीत एक मावशी नवरा गेल्यावर डबे द्यायला लागल्या, आता हाताखाली सहा बायका आहेत. आकडेमोड यांचा तो १.६ चा गुणक इथं बघायला मिळतो.

दुखतं एवढंच की इथे शिकून डॉक्टर झालेलं पोरगं परत लातूरला येत नाही. आपण निर्यात करतो. आणि ज्याला नीटमध्ये कमी मार्क पडले त्याच्यासाठी शहरात दुसरी वाट नाही.

मुक्काम_पोस्ट_पुणे
मुलींबद्दलचा मुद्दा मी धरला नव्हता, तो पटला. तरी माझा प्रश्न उरतोच. लातूरला रेल्वेचा कोच कारखाना आला. मार्च २०१८ ला भूमिपूजन, २५ डिसेंबर २०२० ला डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. आता वंदे भारत स्लीपर तिथे बनवायचं काम रशियन कंपनीसोबतच्या भागीदारीला दिलंय. इतका मोठा सरकारी कारखाना दाराशी असताना आयटीआयची पोरं ट्रॅव्हल्समध्ये का बसतायत?

मांजराकाठ
दादा, नेमका याच प्रश्नासाठी हा धागा. सांगाडा बाहेर पडण्यापासून नियमित उत्पादन सुरू होण्यापर्यंत वर्षं गेली, पोरं तोवर थांबू शकत नाहीत. आणि डब्याच्या कामाला लागतो तो स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग येणारा माणूस. आमच्याकडे वेल्डरची पोरं माइल्ड स्टीलवर, साध्या रॉडने शिकतात. स्टेनलेसला लागणाऱ्या टिग वेल्डिंगचा (आर्गॉन वायू वापरून करतात ते) सेट एकच असला तर बॅचमधल्या प्रत्येकाच्या वाट्याला आर्गॉनची किती मिनिटं येणार? भूमिपूजनाच्या दिवशीच जिल्ह्यातल्या आयटीआयना सांगितलं असतं की तीन वर्षांनी असे वेल्डर लागतील, सेट घ्या, निदेशकांना प्रशिक्षण द्या, तर आज तयार बॅच असती. कारखान्याचा पैसा वेगळ्या खात्याचा आणि शाळेचा वेगळ्या खात्याचा. मी 'एक रुपया कुठे' विचारलं, पण तुमचे प्रतिसाद वाचून वाटतं दोन्ही रुपये एकाच टेबलावर मोजले जायला हवेत. मास्तरांचा जेवणाचा रुपया सोडून. तो आधीच बाजूला काढावा.

यंदापासून मी माझ्या ट्रेडच्या पास झालेल्या मुलामुलींची नोंदवही ठेवणार आहे. आकडेमोड, रकाने सुचवाल का?

आकडेमोड
नक्की. नाव नको, क्रमांक द्या. मुलगा/मुलगी, गाव, ट्रेड. पास झाल्यावर सहा महिन्यांनी, एक वर्षाने आणि तीन वर्षांनी: काम आहे का, घरापासून किती अंतरावर, हातात पगार किती, कंपनीचा की ठेकेदाराचा, पीएफ कापतात का, शिकलेल्या ट्रेडचंच काम आहे का. काम नसेल तर 'शोधतोय' आणि 'मिळालं तर करीन' असे दोन वेगळे रकाने ठेवा. तुम्ही सांगितलेली मुलगी दुसऱ्या रकान्यात दिसेल. आणि जे फोन उचलत नाहीत त्यांना गाळू नका, 'संपर्क नाही' लिहा. नाहीतर फक्त बरं चाललेल्यांचीच नोंद होते.

औशाचा फिटर
आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे मॅडम, सगळे आहेत त्यात. मी भरून घेतो. खर्च किती होतो तेपण विचारा, खोलीभाडं आणि मेस. नुसता पगार लिहिला तर चाकणवाला श्रीमंत दिसेल.

वाळूजकर
मांजराकाठ ताई, त्या फाइलिंगवाल्या मुलीला विचारून बघा. माझ्याकडे क्वालिटीला दोन मुली आहेत, एकीचं गाव जालन्याकडचं, दोघी शहरात मुलींच्या वसतिगृहात राहतात. तिसरीला जागा आहे, पहिली शिफ्ट, कंपनीच्या पगारपत्रकावर, ठेकेदार नाही. घरच्यांना आधी येऊन शेड बघू दे, वसतिगृह बघू दे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

बालाघाट_मास्तर
ते रकाने मलाही पाठवा. सातवी-आठवीनंतर फडावर गेलेल्या मुलांसाठी तसंच करता येईल का बघतो. आमच्याकडे अंतराच्या जागी साखर कारखान्याचं नाव लिहावं लागेल, आणि उचल किती घेतली तेही.